वादळ ‘कमजोर’ झालं की आपलं पाणी सुरू होते: विदर्भातल्या नवख्यांसाठी अंदाज वाचायची रीत

२६ सप्टेंबर २०२१, रविवार. संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर टोकाला, कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढलं. सोमवारी सकाळी बातमी आली की वादळ कमजोर पडलं. आमच्या वावरात दोन एकर सोयाबीन सोंगून (कापून) पडलेलं होतं. शेजारच्या काकांनी धुऱ्यावरून आवाज दिला, “गंजी लावून झाकून टाक ना बाप्पा आजच, आभाय काही बरं दिसून नाही राह्यलं.” मी त्यांना मोबाईल दाखवला. “वादळ तं संपलं काका. उद्या लावतो.” मंगळवारी उजाडायच्या आत झड लागली. त्याच सकाळी उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून पाणी जात असताना एसटी बस वाहून गेली, माणसं दगावली. त्यापुढे माझं नुकसान काहीच नव्हतं. शेंगांना जागेवर कोंब फुटले, एवढंच.

बातमी खरी होती, मलाच ती वाचता आली नाही. ‘कमजोर’ हा शब्द वाऱ्याबद्दल होता, मी तो पाण्याबद्दल समजलो. तेव्हापासून मी वही, पेन्सिल आणि शाळेतला जुना नकाशा घेऊन बसतो. नोकरीनिमित्त खेड्यात आलेल्यांनी आणि वडिलांच्या हातून नुकतीच शेती घेतलेल्यांनी हे इथे लिहिलेल्या क्रमानेच करून पाहावं.

आधी दर्जा ओळखा, पण त्यावर थांबू नका

बंगालच्या उपसागरात हवेचा दाब कमी होतो, वारं त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरू लागतं. या फिरत्या वाऱ्याचा वेग किती, त्यावर भारतीय हवामान विभाग त्याला दर्जा देतो. ताशी ३१ किलोमीटरच्या आत असेल तर कमी दाबाचं क्षेत्र. ३१ ते ४९ असेल तर डिप्रेशन, ५० ते ६१ तीव्र डिप्रेशन. ६२ झालं की चक्रीवादळ, आणि तेव्हाच त्याला नाव मिळतं. ८९ च्या पुढे तीव्र, ११८ च्या पुढे अतितीव्र, अशी शिडी वर जात राहते.

या शिडीत पाऊस कुठेच नाही. सगळी शिडी वाऱ्याची आहे. वादळाला इंधन मिळतं ते समुद्राच्या कोमट पाण्याच्या वाफेतून. जमिनीवर आलं की ते तुटतं, डोंगर-झाडांची घासण लागते, वारं पडतं, दर्जा एकेक पायरी खाली येतो. पण सोबत आणलेली ओल लगेच संपत नाही. उलट सिस्टीम (कमी दाबापासून चक्रीवादळापर्यंत या शिडीतलं काहीही) मंद झाली तर एकाच भागावर जास्त वेळ बसते. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब असल्याने आपल्याकडे पोचणारी जवळजवळ प्रत्येक सिस्टीम ‘कमजोर झालेली’च असते. म्हणून वादळाच्या नावाला घाबरू नका आणि नाव गेलं म्हणून निवांतही होऊ नका.

जून ते सप्टेंबरात तर नावाची वाटच पाहू नका. मान्सूनमध्ये वरच्या आणि खालच्या थरातली वारी उलटसुलट दिशांनी वाहतात, त्यामुळे सिस्टीमला उंच उभं राहून चक्रीवादळ व्हायला सहसा जमत नाही. नाव असलेली वादळं बहुतेक एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि पुढे ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात. आपल्याला बुडवणारे पाऊस मात्र बहुतेक बिननावाच्या कमी दाबांचे असतात. पेपरात ‘कमी दाबाचा पट्टा’ आणि ‘कमी दाबाचं क्षेत्र’ यांची सर्रास खिचडी होते. क्षेत्र गोल असतं आणि सरकतं. पट्टा लांबोळका असतो. मान्सूनचा पट्टा नेहमीच्या जागेपेक्षा दक्षिणेला उतरलेला असेल आणि त्याच वेळी उपसागरातून क्षेत्र येत असेल, तर आठवडाभराचं सामान आधीच भरून ठेवा.

बुलेटिन कुठलं आणि कसं वाचायचं

विदर्भाचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून निघतो. मुंबईचं केंद्र कोकण, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाडा पाहतं. त्यामुळे ‘महाराष्ट्रात पाऊस’ अशी सरसकट बातमी आपल्या कामाची नसते. दुपारचं बुलेटिन मुख्य असतं, कारण त्यात सकाळी साडेआठच्या नोंदी आलेल्या असतात. मी दुपारचंच वाचतो आणि रात्री एकदा बदल झाला का ते पाहतो.

चक्रीवादळ किनाऱ्याकडे येत असेल तर आणखी एक कागद शोधा: जमिनीवर आल्यानंतर पुढे काय होणार, याचा अंदाज. किनारा गाठायच्या किमान १२ तास आधी तो दिला जातो आणि त्यात आतल्या भागातल्या जिल्ह्यांचा विचार असतो. टीव्हीवाले त्या वेळी विशाखापट्टणमच्या लाटा दाखवत असतात. आपला कागद तोच.

बुलेटिनमधले शब्द गुळगुळीत वाटतात, पण प्रत्येकाला माप आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ७५ पर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त. पावसाचंही तसंच. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘मुसळधार’ सुरू होतो, ११५.६ पासून ‘अति मुसळधार’, आणि २०४.४ च्या वर गेला की ‘अत्यंत मुसळधार’. आता ‘बऱ्याच ठिकाणी हलका ते मध्यम, तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ हे वाक्य पुन्हा वाचा. बहुतेक गावांत साधा पाऊस, पण चार-दोन गावांत नाला फुटेल एवढं पाणी, असा त्याचा अर्थ. ती चार-दोन गावं कोणती, हे आदल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेलं आणि २०२५ मध्ये सुरू झालेलं भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किलोमीटरच्या चौकटीवर चालतं. त्या एका चौकटीत आपल्याकडची एकाहून जास्त गावं बसतात. तेव्हा ‘तुमच्या गावात ३ वाजून १० मिनिटांनी पाऊस’ म्हणणाऱ्या ॲपकडे करमणूक म्हणूनच पाहा.

रंगांचा अर्थ सरळ आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कामाला लागा. फसगत तारखेत होते. हवामान विभागाचा दिवस सकाळी ८.३० ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी ८.३० ला संपतो. उद्याचा नारिंगी इशारा परवा पहाटे पाचलाही लागू असतो. आमच्या गावात दरवेळी कोणीतरी संध्याकाळी म्हणतोच, “ऑरेंज होता म्हंते, पाणी तं आलाच नाही,” आणि रात्री दोनला टिनावर ताशे वाजू लागतात.

नकाशावर पेन्सिल फिरवा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. शाळेचा भारताचा नकाशा पुरतो, फक्त त्यावर अक्षांश-रेखांशाच्या रेघा हव्यात. बुलेटिनमध्ये सिस्टीमचं केंद्र दिलेलं असतं, उदाहरणार्थ १८.४ उत्तर, ८४.२ पूर्व. तिथे टिंब करा, बाजूला तारीख-वेळ लिहा. पुढच्या बुलेटिनचं टिंब आलं की दोन्ही जोडा. तीन टिंबं झाली की सिस्टीम कुठे चालली ते डोळ्यांना दिसू लागतं.

मग अंतर. विदर्भाच्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे साधारण १०५ किलोमीटर, एक अंश अक्षांश म्हणजे १११. कलिंगपट्टणम ते उमरखेड हवाई अंतर सातशेच्या आसपास भरतं. बुलेटिनमध्ये ‘गेल्या सहा तासांत ताशी इतक्या किलोमीटरने सरकलं’ असं वाक्य असतं. ताशी १८-२० धरले तर सातशे किलोमीटरला ३५ ते ३९ तास. गुलाब रविवारी रात्री आठच्या सुमारास किनाऱ्यावर आलं होतं, दहागावचा पूल मंगळवारी सकाळी पाण्याखाली होता. हा साधा भागाकार मी सोमवारी केला असता तर गंजी त्याच संध्याकाळी लागली असती. पावसाची कड केंद्राच्या बरीच पुढे चालते, म्हणून आलेल्या उत्तरातून दहा-बारा तास कमी करूनच काम आखा.

वेग १० च्या खाली आला किंवा ‘जवळपास स्थिर’ असं लिहिलेलं दिसलं तर काळजी दुप्पट करा. झपाट्याने निघून जाणारी सिस्टीम एक दिवस झोडपते, बसलेली सिस्टीम बांध फोडते.

आता बाजू. मान्सूनमधलं डिप्रेशन सहसा उत्तर उपसागरात तयार होऊन ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असं पश्चिम-वायव्येला जातं. त्याचा सगळ्यात जोरदार पाऊस केंद्रावर पडत नाही, केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो, तीन-चारशे किलोमीटरपर्यंत. नकाशावर केंद्र रायपूर-जबलपूरच्या दरम्यान असेल तर त्याच्या नैर्ऋत्येला कोण? गोंदिया, भंडारा, नागपूर, आणि पुढे वर्धा-अमरावती. “सिस्टीम तं एमपीत आहे, आपल्याला काय?” असं म्हणणाऱ्याला हा नकाशा दाखवा. केंद्र अगदी डोक्यावर आलं तर पाऊस कधी कधी ओसरल्यासारखा वाटतो.

सप्टेंबरअखेरपासून वाट दक्षिणेला सरकते. गुलाब तेलंगणाच्या बाजूने आलं, यवतमाळ-मराठवाड्यावरून गेलं, अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ नावाने पुन्हा उभं राहिलं आणि ओमानला जाऊन धडकलं. अशा वाटेत आपल्यावर पूर्वेचं वारं येतं आणि उपसागराची ओल थेट घेऊन येतं. ऑक्टोबरनंतरच्या सिस्टीमला मात्र नैर्ऋत्येचा नियम नीट लागत नाही. कधी ती उत्तरेकडे वळते, कधी पश्चिमेची कोरडी हवा शिरून ती अर्ध्या वाटेत विरते. २८ ऑक्टोबर २०२५ ला मोंथा आंध्रच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पूर्व विदर्भात हलक्या (लवकर येणाऱ्या) धानाच्या कडपा, म्हणजे कापून पसरलेलं धान, बांधीत पडून होत्या. त्या दिवसांत धानाला वीस मिलिमीटरही पुरतात. किती पडणार यापेक्षा पडणार की नाही, एवढंच तिथे महत्त्वाचं.

आणि टिंबांवर फार विश्वास ठेवू नका. हवामान विभागाचा मार्गाचा अंदाज २४ तास आधीही सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटरने चुकतो, आधीच्या दिवसांत त्याहून जास्त. नकाशावर शंकूसारखा पसरत जाणारा भाग काढतात तो यासाठीच. सत्तर किलोमीटर म्हणजे वर्धा की नागपूर, एवढा फरक.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा

मोबाईलला रेंज नसली तरी ही पायरी चालते. मोकळ्या वावरात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला असतं. बाईस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला हा नियम विषुववृत्ताच्या उत्तरेला, अगदी त्याला लागून असलेला पट्टा सोडला तर, चालतो.

सिस्टीम पूर्वेला असेल तर वारं उत्तरेकडून येतं. पुढच्या काही तासांत ते वायव्येकडून आणि मग पश्चिमेकडून येऊ लागलं तर केंद्र तुमच्या उत्तरेने चाललं, म्हणजे मान्सूनच्या दिवसांत जड बाजू तुमच्याकडे आहे. उत्तरेऐवजी ईशान्य, पूर्व, आग्नेय असं फिरलं तर ते दक्षिणेने जात आहे. झेंडा, कपड्यांची दोरी, चुलीचा धूर, काहीही चालेल. फक्त गडगडाटी ढगातून खाली येणाऱ्या झोतावरून ठरवू नका, तो कुठूनही येतो. खालचे फाटके ढग कोणीकडे पळताहेत ते पाहिलं तर जास्त खरं कळतं. काकांना हे सगळं नियमाच्या नावाशिवाय माहीत होतं, असा मला दाट संशय आहे.

शेवटचे सहा तास

आता मोठे अंदाज बाजूला ठेवा. इन्सॅट उपग्रहाची अर्ध्या-अर्ध्या तासाची चित्रं आणि नागपूरचं डॉप्लर रडार पाहा. उपग्रह ढगाचा माथा दाखवतो, रडार ढगातलं पाणी दाखवतं. पांढरंशुभ्र आभाळ दिसलं म्हणून खाली पाऊस असेलच असं नाही. रडारवर निळा-हिरवा म्हणजे हलका, पिवळा जोराचा, लाल दिसला की पळापळ. चित्रावरची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा, नाहीतर सकाळचं चित्र दुपारी पाहून घाबराल. नागपूरपासून लांब, गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला किंवा बुलढाण्याकडे, रडारचा झोत जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचावरून जातो आणि खालचा पाऊस निसटतो. तिथल्या लोकांनी ‘रडार कोरं आहे’ यावर विसंबू नये.

जिल्ह्यांसाठी पुढच्या तीन तासांचा इशाराही निघत असतो. विजेसाठी ‘दामिनी’ ॲप ठेवा. सिस्टीमच्या कडेला, किंवा मधल्या उघाडीत ऊन पडून ढग फुगले की वीज जास्त पडते. लखलखाट आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वावर सोडा, झाडाखाली थांबू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका.

तुमच्या डोक्यावरचं आभाळ पुरेसं नाही

ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला. पाऊस मुख्यतः वर मध्य प्रदेशात झाला होता. संजय सरोवर आणि पेंचच्या धरणांचं पाणी सुटलं, गोसेखुर्दचे ३३ दरवाजे उघडले आणि भंडाऱ्यापासून खाली ब्रह्मपुरी-वडसापर्यंत गावांत पाणी शिरलं. फक्त आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून खालच्या गावांना हा पूर कळला नसता.

म्हणून तुमची नदी कुठून येते ते आधी शोधा. वैनगंगेच्या काठी असाल तर सिवनी-बालाघाटचा इशाराही रोज वाचा. वर्धा नदीकाठी बैतूल-मुलताईचा, आणि सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून किती सोडताहेत ते. पैनगंगेला बुलढाणा-वाशिमकडचा पाऊस आणि इसापूर धरण. केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ ॲप नदीची पातळी दाखवतं. नाल्याकाठच्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. नदी तुडुंब असली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलटं फिरतं. तेव्हा पन्नास मिलिमीटरही वावरात चढतात.

जमिनीची स्थितीही मोजा. जूनमधल्या भेगाळलेल्या काळ्या रानात सत्तर मिलिमीटर मुरून जातात. पोळ्यानंतर, पंधरा दिवसांच्या झडीवर तेच सत्तर आले तर एक थेंब मुरत नाही.

मोजा, लिहा, आवरा

सरळ भिंतीचा डबा किंवा तोंड कापलेली बाटली घ्या. बाटलीचा बूड फुगीर असेल तर खाली खडे टाकून सरळ भागापर्यंत पाणी भरा, तिथे शून्य. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर मोकळ्यात ठेवा. रोज ८.३० ला पट्टी लावा. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर. ६५ मिलिमीटर म्हणजे अडीच लाखांहून जास्त, दहा हजाराचे सव्वीस टँकर. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की चर काढायचा कंटाळा येत नाही. महसूल मंडळाच्या यंत्रात ६५ भरले तर सरकारदरबारी अतिवृष्टी धरली जाते. तुमच्या डब्यातला आकडा तिथे चालत नाही, पण तुमच्या वावराचा खरा आकडा तोच.

भागाकाराने दोन दिवस हातात आहेत असं निघालं तर नवी सोंगणी थांबवा, पडलेलं गोळा करा, फवारणी आणि खत पुढे ढकला. एक दिवस उरला की गंजी उंचवट्यावर, वर ताडपत्री, दोरीला दगड, भोवती चर. धानाचे पुंजणे (ढीग) असतील तर बुडाखाली तणस किंवा लाकडं. नदीकाठची मोटर वर आणा, कोठ्यावरचे सैल टिन बांधा. ताशी ४०-५० किलोमीटरचे झोत त्यांना पुरतात. ढोरं नाल्याच्या पलीकडे ठेवू नका. बारा तास उरले की मोबाईल-बॅटरी चार्ज करा आणि दवाखान्याचं, औषधांचं काम असेल ते उरकून या. रपट्यावरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर गुडघ्याखाली आहे की वर हे पाहत बसू नका. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगते आणि खालचा रस्ता जागेवर आहे की नाही ते वरून दिसत नाही.

वहीत रोज तीन रकाने: बुलेटिन काय म्हणालं, वारं कुठून होतं, डब्यात किती. पहिल्या वर्षी त्यातून काही कळत नाही. दुसऱ्या पावसाळ्यापासून आपल्या गावाच्या खोडी दिसू लागतात. आमच्याकडे वायव्येचं वारं धरून राहिलं आणि बुलेटिनमध्ये पिवळा असला, तरी मी नारिंगी समजूनच चालतो. तुमच्या गावचं गणित वेगळं निघेल. ते वहीच सांगेल, मी नाही सांगू शकत.